नऊ पत्त्यांचा एक पत्ता

पीळमेडूतल्या आमच्या कचेरीत वडिवुक्करसी अक्का आल्या तेव्हा त्यांना एक्कावन्नावं लागलं होतं. आधी पंचवीस वर्षं त्या एका तमिळ छापखान्यात मुद्रितं तपासत. तो बंद पडला, म्हणून आमच्याकडे वेबसाइटींचा मजकूर तपासायला लागल्या. इंग्रजी बेताचं, फ्रेंचचा गंध नाही. तरी दोनच वर्षांत कुठलीही मोठी साइट हाती घेण्याआधी आम्ही त्यांच्या टेबलापाशी जाऊ लागलो.

आमच्या एका गिऱ्हाइकाचा, सेंगोट्टुवेलन अण्णांचा, इडलीचं पीठ वाटणाऱ्या दगडी ग्राइंडरचा कारखाना. परदेशी गिऱ्हाइकासाठी त्यांनी नऊ देशांची नऊ वेगळी डोमेनं, म्हणजे वेबसाइटचे नऊ पत्ते, घेतली होती.

"नऊ दुकानं थाटली, पण कुत्रं फिरकत नाही," ते म्हणाले. "अजून दोन घेऊ का?"

"घ्या की," अक्का म्हणाल्या. "नऊ उपाशी आहेत, अकरा होतील."

अण्णा हसले, मग गंभीर झाले. अक्का पुढे म्हणाल्या, "तुमचं मूळ डोमेन एकोणीस वर्षांचं. कितीजणांनी आपल्या साइटवर त्याचा दुवा दिलाय. गुगल त्याला ओळखतं. ही नऊ कालची पोरं, प्रत्येकाला पहिल्यापासून नाव कमवायचंय, आणि मजकूर लिहायला तुमच्याकडे माणसं दोन! सगळं मूळ डोमेनखाली आणू. भाषेगणिक एक फोल्डर."

"म्हणजे फ्रान्सचा एक?"

"फ्रान्सचा नाही, फ्रेंचचा. फ्रेंच बोलणारे काय फ्रान्सातच राहतात? पुदुच्चेरीला माझ्या आत्याचे शेजारी नळाच्या पाण्यावरून फ्रेंचमध्ये भांडतात!"

अकराशे चाळीस पानं हलवायची होती. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून माणूस नेमक्या नव्या पानावर पोचला पाहिजे. ती यादी अक्कांनी छापून घेतली आणि ओळीवर पट्टी ठेवून तपासली.

साइट हलली, आणि येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. अण्णांचा रोज फोन.

"अक्का, नऊ उपाशी होतीच, आता धाकल्यांपायी थोरल्यानंही जेवण सोडलं!"

"हलवलेल्या रोपाची पानं गळतात अण्णा. थोडं थांबा."

फोन ठेवल्यावर मात्र त्या पुन्हा यादी उघडत. अशाच एका दुपारी त्यांना चूक सापडली. एकाच मजकुराच्या वेगवेगळ्या भाषांतल्या पानांनी गुगलला एकमेकांची ओळख द्यायची असते. जर्मन पान फ्रेंच पानाला आपलं भावंड सांगत होतं, फ्रेंच पान उलट ओळखच देत नव्हतं. ती दुरुस्त झाली. सातव्या आठवड्यात आकडे चढू लागले आणि पुढे चढतच राहिले.

डिसेंबरात फ्रेंचमधून एक पत्र आलं. हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावरून, एका शिक्षिकेचं. मी यंत्रावर त्याचं भाषांतर करून वाचून दाखवलं. तिचे पूर्वज दीडशे वर्षांपूर्वी जहाजातून उसाच्या मळ्यावर कामाला आले होते. घरात वाटायचा दगड आहे, पण तो फिरवायची ताकद आता कुणात नाही. भिजवलेले तांदूळ वाटणारा दगड, असं तिनं फ्रेंचमध्ये शोधलं आणि आमचं पान निघालं.

"सही काय आहे?" अक्कांनी विचारलं.

"जोझियान आर्मुगोम."

"पुन्हा म्हण."

मी म्हटलं. अक्का उभ्या राहिल्या. "अरे, आरुमुगम! हे आपलं तमिळ आरुमुगम आहे!"

त्यांनी लगेच अण्णांना फोन लावला. तासाभरात अण्णा स्वतः आले, स्क्रीनसमोर हात जोडल्यासारखे उभे राहिले. "दीडशे वर्षं," एवढंच म्हणाले.

"मी फ्रेंचच्या फोल्डरला 'fr' एवढं दोन अक्षरांचं नाव दिलं होतं हो," अक्का पुटपुटल्या. "दोनच अक्षरं."

गुगल कुठलं पान कुणाला का दाखवतं, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. पण त्या दिवशी माझ्या अंगावर आलेला काटा मी विसरणार नाही.

जोझियाननं मागवलेल्या ग्राइंडरच्या खोक्यात अक्कांनी एक कागद ठेवला. त्यावर ठसठशीत तमिळ अक्षरांत फक्त ते आडनाव. जोझियानचं उत्तर आलं: आमच्या घरात हे नाव या लिपीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. वाचता येत नाही. आई रोज त्यावरून बोट फिरवते.