बासनांच्या गाठी

सोमवारी सकाळी बिंदुमाधव आठल्यांनी पोथीघराचं कुलूप काढलं, सवयीने तिसऱ्या फळीवर हात ठेवला आणि तिथेच थिजले. हाताला गाठ लागली, पण ती ओळखीची नव्हती. शेजारच्या पोथीला तीच. पलीकडच्या पोथीलाही तीच. शाळकरी पोरं बुटाच्या नाडीला घालतात तसली, एक टोक ओढलं की सुटणारी.

वर गच्चीत पोथ्या गुंडाळायची जुनी लाल बासनं धुऊन वाळत घातली होती. दोनचार माकडांनी पळवलीही होती. एक माकड तर बासन पांघरून शेजारच्या देवळाच्या कळसाशी अनुष्ठानाला बसलेल्या यजमानासारखं बसलं होतं. सगळी गल्ली हसत होती. नानांना, म्हणजे बिंदुमाधवांना, ते दिसलं नाही. खरं सांगायचं तर नानांना गेली तीन वर्षं फारसं काहीच दिसत नव्हतं.

ही गोष्ट गुप्त होती. म्हणजे नानांच्या मते गुप्त होती. काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं की मागच्या श्रावणात नानांनी वाटेत आडव्या उभ्या असलेल्या सांडाला हात जोडून "पंडितजी, जरा सरकता?" असं विचारलं होतं. सांड सरकला, म्हणून नानांची खात्री पटली की तो पंडितच. घरी बायकोने, आनंदीबाईंनी, दोनदा मोतीबिंदूचा विषय काढला आणि दोनदा उपाशी झोपल्या, कारण नाना ताटावरून उठले की त्याही जेवायच्या नाहीत. डोळे गेले म्हटलं की विश्वस्त पोथीघराची किल्ली काढून घेतील, ही नानांची धास्ती. एकोणचाळीस वर्षं कमरेला असलेली किल्ली.

पण मग पोथ्या सापडत कशा? तिथेच तर गंमत होती. मोठ्या पुराच्या साली नोंदवही भिजून लगदा झाली. त्यानंतर सहाशे चाळीस पोथ्यांचा ठावठिकाणा उरला तो नानांच्या डोक्यात आणि बासनांच्या दोऱ्यांत. आधीच्या ग्रंथपालांनी शिकवलेली रीत अशी: ज्योतिषाची गाठ एकेरी, वैद्यकाची दुहेरी, न्यायाची पीळ दिलेली. दोरीचं शेपूट जितकं लांब, तितकी पोथी जुनी. नाना बोटांनी ग्रंथालय वाचत. ही रीत त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. किल्ली कमरेला आणि गाठ पोटात, असा त्यांचा हिशेब.

त्या गाठी कालिंदीने सोडल्या. ही विद्यापीठाने यादी करायला पाठवलेली मुलगी, रामघाटावरच्या पुरोहितांच्या घरातली, पण बोलायला लागली की अर्धं वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायचं. दोन महिने नानांनी तिला एक पोथी धड उघडू दिली नव्हती. ती नोंदीची कार्डं करायला पोथी मागायची, नाना झाडू द्यायचे. शनिवारी मिर्झापूरला मुंजीला जाताना त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि बजावलं की बासनं स्वच्छ कर, फार धूळ आहे. तेवढाच दोन दिवस तिचा भुंगा बंद. आता सांगितलं कुणी? नानांनीच. तिने वसतिगृहातल्या दोन मैत्रिणी आणल्या, सगळं सोडलं, धुतलं, नवी बासनं बांधली, आकाराप्रमाणे पोथ्या लावल्या आणि प्रत्येकीवर आकडा चिकटवला. नावं मागाहून लिहिणार होती.

आणि गुरुवारी अकराला सरकारी तपासनीस येणार होते. त्यांच्याकडे फार जुन्या यादीतली दहा नावं होती, ती ऐनवेळीच कळणार होती. दहाच्या दहा पोथ्या समोर आल्या तर संग्रह काशीत राहणार. एक जरी हुकली, तर नीट सांभाळ होत नाही असं ठरून सगळ्या पोथ्या लखनौच्या सरकारी भांडारात. तसं पत्रच आलं होतं.

सोमवार नानांनी फळ्यांपाशीच काढला. एकेक पोथी हातात घेत, चाचपत, पुन्हा ठेवत. कालिंदीला वाटलं, रागावले. तिने विचारलं, तर पाठ फिरवली. संध्याकाळी घरी आनंदीबाईंनी वाढलेल्या भाताला हात लावला नाही.

मंगळवारी दुपारी त्यांनी एक पोथी सोडली, पान नाकाशी नेलं आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, हे वैद्यक. कालिंदी समोरच कार्डं घेऊन बसली होती.

"नाना," ती हळू आवाजात म्हणाली, "पान उलटं आहे."

नानांनी पान खाली ठेवलं, बोटांनी त्याची कड नीट केली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आधी तू सांग, जुन्या दोऱ्या कुठे टाकल्यास?"

दोऱ्या एका टोपलीत गुंता होऊन पडल्या होत्या. नानांनी ती टोपली मांडीवर घेतली आणि पहिल्यांदाच गाठींची रीत तोंडाने सांगितली. कालिंदीने टोपलीतली एक दोरी उचलून पाहिली. "मतलब मी सगळी यादीच धुऊन टाकली," ती म्हणाली. नाना म्हणाले, धुवायला मीच सांगितलं होतं. चूक कुणाची ते ठरवायला वेळ नव्हता.

कारण पोथीघरात दिवा न्यायचा नाही, हा नियम पहिल्यापासूनचा. आणि त्या गल्लीत ऊन पाहुण्यासारखं येतं: दहाला टेकतं, तीनला उठतं. मंगळवारचा जेमतेम तास, पूर्ण बुधवार आणि गुरुवारचा एक तास, एवढंच हातात होतं.

कालिंदी पहिली ओळ वाचायला लागली. अक्षर जुनं, ती अडखळायची. तीन शब्द झाले की पुढची ओळ नाना म्हणायचे आणि ग्रंथाचं नाव सांगायचे. ती कार्डावर लिही. कुठे दोन ग्रंथांची सुरुवात सारखी निघाली, तर नाना कागदाला बोट लावून सांगत की हा जाड काश्मिरी कागद, म्हणजे दुसरा ग्रंथ. ती पुढच्या पोथीला हात घाली तोवर नाना आधीची बांधत, जुन्या गाठीने. बुधवारी जेवायला कुणी उठलं नाही. आनंदीबाई डबा घेऊन आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि आतला जप ऐकून डबा उंबऱ्यावर ठेवून निघून गेल्या.

गुरुवारी अकराला चारशे बारा कार्डं झाली होती. दोनशे अठ्ठावीस पोथ्या अजून मुक्या.

तपासनीस वेळेवर आले. त्यांनी नाव वाचायचं, कालिंदीने कार्ड काढून फळी सांगायची, नानांनी गाठ चाचपून पोथी समोर ठेवायची. नऊ नावं निभावली. दहावं घटिकायंत्रावरच्या, म्हणजे पाण्याच्या घड्याळावरच्या, ज्योतिषाच्या पोथीचं. कालिंदीने कार्डं एकदा चाळली, दुसऱ्यांदा चाळली. तपासनिसांनी घड्याळ पाहून लेखणीचं टोपण काढलं.

नाना उठले आणि कार्ड नसलेल्या फळ्यांकडे गेले. ती पोथी त्यांनी तरुणपणी हाताळली होती. पानं इतरांपेक्षा दोन बोटं अरुंद, एवढं स्मरत होतं. कालिंदी एकेक देत गेली. नानांनी प्रत्येकीवर वीत टेकवली. नाही. नाही. हीही नाही. सतरावी हातात आली तेव्हा ते थांबले. आतलं पान काढून त्यांनी तपासनिसांच्या नव्हे, कालिंदीच्या पुढे धरलं.

"आप नहीं पढ़ेंगे?" तपासनिसांनी विचारलं.

दारात गल्ली गोळा झालेली, आनंदीबाई सगळ्यांत पुढे.

"मुझे दिखता नहीं," नाना म्हणाले. "ये पढ़ेगी."

कालिंदीने वाचलं. पहिल्या ओळीला अडखळली, दुसरीत पाण्याचं पात्र आलं, छिद्र आलं, घटिका आली. तपासनिसांनी यादीवर खूण केली. मग नानांकडे, मग तिच्याकडे पाहून विचारलं की ही नेमकी शोधली कुणी, कागदावर नाव कुणाचं घालू. नाना म्हणाले, दोघांचं घाला, अर्धी अर्धी सापडली आहे.

संग्रह राहिला. एक वर्षात यादी पूर्ण करायची आणि प्रत्येक कार्डावर दोघांची सही, अशी अट लागली. विश्वस्तांनी किल्ली मागितली नाही. कालिंदीसाठी दुसरी करून घेतली.

त्या हिवाळ्यात आनंदीबाईंनी नानांना दवाखान्यात नेलंच. पट्टी सुटल्यावर नानांनी पहिल्यांदा कालिंदीची कार्डं पाहिली आणि डोक्याला हात लावला. एवढं गचाळ अक्षर घेऊन ही पोरगी पास कशी झाली, असं ते गल्लीभर विचारत हिंडले. आता ते कार्डं पुन्हा लिहून काढतात. ती लिहू देते, कारण लिहिताना नाना प्रत्येक पोथीचं काही ना काही सांगतात, आणि ते ती मागच्या बाजूला टिपून घेते. त्याच गचाळ अक्षरात.

पोथी शोधताना मात्र नाना अजून डोळे मिटतात. आणि परवा वाटेत सांड आडवा आला, तेव्हा स्वच्छ दिसत असूनही त्याला हात जोडूनच पुढे गेले.