मालकाले भत्ता नसते

मंडळी, आज सकाळी चहा पिताना आमचे जावई म्हणाले, "मामाजी, तवा तुमचा सोताचा ट्रक होता, बक्कळ कमावलं असन!"

डोकंच फिरलं. अहो, ऐंशी सालाच्या आसपास त्या ट्रकचा मालक मीच अन् ड्रायव्हरही मीच होतो. तुमसरच्या राइस मिलचा मुनीम गाडी भरली की ड्रायव्हरले जेवणाचा भत्ता द्यायचा. मले मात्र म्हणे, "तुम्ही तं मालक, तुमाले कायले भत्ता?" अन् डिझेल, टायर, बँकेचा हप्ता गेला की मालकाच्या हाती काहीच उरत नव्हतं.

एकदा वैतागून दुसऱ्या मिलमध्ये खोटंच सांगितलं, "मालक घरी हायेत, मी ड्रायव्हर." लगेच भत्ता मिळाला!

पैसे देता देता तिथल्या मुनिमानं विचारलं, "मालक पगार तरी वेळेवर देते का गा?"

भत्ता खिशात टाकत मी म्हटलं, "कायचा पगार गा, मालकाच्याच हाती काही उरत नाही!"