दहा लावण्यांचं दुखणं

शेवटच्या मंगळवारी आम्ही दोघं पडवीत वाल सोलत बसलो होतो. माझा एक दाणा होईस्तोवर हिराचे चार व्हायचे. "तुमच्या हातानं बिरडं व्हायला दिवाळी उजाडंल," म्हणाली. कॅन्सर हाडापर्यंत गेलेली माझी बायको थट्टा करत होती... कारण गोळी वेळेवर पोटात गेली होती. शुक्रवारी ती गेली.

महिना झाला. येणारा प्रत्येकजण म्हणतो, किती सोशीक होती! ऐकलं की डोकं फिरतं. डॉक्टरनं दुखण्यावर मॉर्फिनची गोळी लिहून दिली होती. माझा साडू कंपनीत सुपरवायझर होता, म्हणून त्याला जगातलं सगळं कळतं. बशीत चहा ओतत म्हणाला, "दादा, नशेची गोळी हाय ती. सवय लागंल." मरायला टेकलेल्या बाईला म्हणे सवय लागंल! आणि मी बैल. गोळ्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं. अकरा दिवस. फारच ओरडली तर एक द्यायचो, भीक घातल्यासारखी. भेटायला आलेल्या बाया पोहे खाऊन सांगून जायच्या, "देवाचं नाव घे गं."

मग दवाखान्याची सिस्टर घरी आली. विचारलं, "शून्य ते दहात किती दुखतंय?" हिरानं पाहुण्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "दोन." चारचौघांत कण्हायचं नाही, ही आमच्या बायकांची खोड. सिस्टरनं सगळ्यांना बाहेर काढलं, मलाही. मी दाराआड उभा.

"मावशी, शेतात भाताची लावणी करून आल्यावर कंबर दुखते, तेवढं?"

"तशा दहा लावण्या एका दिवसात केल्यागत, बाई... पन ह्यांना सांगू नका. घाबरतात."

सिस्टर बाहेर आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "काका, दुखायची वाट बघायची नाही. घड्याळ बघून, लिहिलीय तशी द्यायची. पोट साफ व्हायचं औषधही सोबत." त्यानंतर हिरा जेवली, झोपली, शेजारणीशी भांडली. जे अकरा दिवस मी खाल्ले, ते खाल्लेच.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडू अंगणात लोकांना सांगत होता, "कसली सोशीक बाई!"

"सोशीक कसली? ओरडत होती ती," मी म्हणालो. "चावी माझ्याकडं होती. अक्कल तुझी होती."

उठलो. खालच्या आळीत गणपतचा बाप त्याच दुखण्यानं पडला होता. सुतकात कुणाच्या दारी जात नाहीत. मी गेलो, अंगणातच थांबलो.

"गणपत, बापाची गोळी कुठं हाय रं?"

"कपाटात, काका. लईच दुखलं की देतो."

"कपाट उघड. मी हितंच उभा हाय."