धोंड्याच्या जेवणातला हट्ट

लोणारहून वरवट बकालला जायचं म्हणजे मेहकर, खामगाव करत अर्धा दिवस एसटीत जातो. पण त्या दिवशी मी नवरदेवासारखा उतावीळ होतो. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्या महिन्यात सासरी जावयाला जो मान मिळतो, तो एरवी कलेक्टरलाही मिळत नसेल. पुरण भरलेले धोंडे, तुपाची धार, तेहतीस अनारशांचं वाण, वर कपडे. शिवाय जावयानं ताटावर हट्ट धरला की सासूला तो पुरवावाच लागतो. माझी आणि बायकोची सगळी भिस्त या हट्टावर होती.

मामींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शुगर निघाली आणि त्यांनी खाटच धरली. आजारी माणसानं पडून राहावं, हे त्यांचं पक्कं मत. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर रोज चालायला सांगितलं होतं. त्यावर मामींचं उत्तर ठरलेलं, "काम ना धंदा, बाईमाणसानं रस्त्यानं कायले हिंडायचं?" वजन वाढलं, तळपाय बधिर व्हायला लागले, न्हाणीपर्यंत जायलाही सुनेचा हात लागायला लागला. माझी बायको धास्तावली होती. "आई अशीच बसून राह्यली तर..." एवढंच म्हणायची आणि पुढचं गिळून टाकायची. त्यात मामींनी फोनवर सांगितलं, "हा माह्या हातचा शेवटचा धोंडा हाय. जवाईबापूले उपाशीपोटी घेऊन ये."

शुगर मलाही आहे. मागच्या धोंड्याला मी ताटं रिकामी करत सुटलो होतो. पुढे महिनाभरातच तपासणीत ती निघाली. तेव्हापासून अर्धी भाकर, वाटीभर मोड आलेले मूग, भाजी भरपूर, आणि पहाटे सरोवराच्या काठाकाठानं चालणं. हळूहळू पोट उतरलं, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. ती भोकं मी भेटेल त्याला दाखवतो. बायको म्हणते, शुगर उतरली पण बढाई चढली. म्हणू दे. मला खरंच फार आनंद झाला होता आणि तो मला झाकता येत नाही.

सासरी मात्र माझी कमाई बायकोच्या अंगावर आली. उंबरठ्यात पाय ठेवताच शेजारणी माझ्याकडे बघून हळहळल्या. मामी खाटेवरूनच लेकीला म्हणाल्या, "पोरी, यायले जेवाले घालतं का नाही तू? किती वाळले जवाई." बायको लाल झाली. आमच्याकडे जावयाचं पोट म्हणजे लेकीच्या संसाराचा दाखला. मी पट्टा दाखवायला हात नेला, तिनं डोळे वटारले.

पाटावर बसलो. धोंड्यांत पुरण मामींनी स्वतः भरलं होतं, तेही दुप्पट, वाळलेल्या जावयासाठी. मी अर्धा धोंडा मोडून घेतला, भाजी आणि काकडी वाढून घेतली, चार घास खाल्ले आणि हात आखडता घेतला.

"मामी, माहा हट्ट हाय."

मेव्हण्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आता हा मोटारसायकल मागतो.

"ऊन उतरलं की मले मारोतीच्या पारावर जायचं हाय. तुमी सोबत चालाल तरच."

"माह्याच्यानं होत नाही, बापू."

"मंग मी वाण नेत नाही."

जावई वाण न घेता गेला तर गावात काय बोललं जाईल, हे मामींना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. बायको दारात पदर मुठीत धरून उभी होती. शेवटी मामी सुनेला म्हणाल्या, "माह्या चपला कुठी हायेत पाह्य बरं."

संध्याकाळी आमची वरात निघाली. जावयाच्या बरोबरीनं कशी चालणार, म्हणून डोक्यावर पदर घेऊन मामी माझ्या मागे, आणि त्यांच्या एका बाजूला लेक, दुसरीकडे सून. मी हळू झालो की त्याही हळू होत. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर त्या दम खायला टेकल्या. तिथं एका बाईनं विचारलं, "कुठी निघाल्या, बाई?"

"जवायाचा हट्ट हाय, काय करू?" मामी म्हणाल्या. तक्रारीचा सूर होता, पण मान ताठ होती. त्यांना रस्त्यावर यायला कारण मिळालं होतं. पुढच्या घरी कुणी विचारायच्या आतच त्यांनी तेच सांगितलं. मला भर रस्त्यात नाचावंसं वाटत होतं.

पार गाठला. मारोतीला हात जोडून मामी घाम पुसत बसल्या. मी लोखंड तापलं आहे तोवर घाव घातला. "हट्ट आजच्यापुरता नाही. रोज इथवर यायचं. नाहीतर जवाई रुसला म्हणून समजा."

"मोठे बिलंदर हाय तुमी," मामी म्हणाल्या. हो म्हणाल्या नाहीत. माझा उत्साह जरा ओसरला.

घरी आल्यावर त्या खाटेकडे गेल्या नाहीत. ओसरीच्या पायरीवर बसल्या. बायको त्यांच्या हातातल्या पेल्यात तांब्यातून पाणी ओतत होती. ते घेता घेता मामी सुनेला म्हणाल्या, "पुढच्या धोंड्याले मी पुरण कमीच भरन. जवाई काही खात नाही."

पेला भरून पाणी मामींच्या लुगड्यावर सांडलं, तरी बायको ओततच राहिली. पुढचा धोंडा तीन वर्षांनी होता.