डेन्झिलने न दिलेलं रक्त

गोखिवऱ्याची मार्था चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या विधीसाठी मुलींचे पांढरे फ्रॉक शिवायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला रक्ताचा कर्करोग निघाला. धाकट्या भावाची, डेन्झिलची, अस्थिमज्जा जुळली आणि त्याने ती दिलीही. गावभर त्याचं नाव झालं. फादरांनी देवळात रविवारची मिस्सा संपल्यावर त्याला पुढे बोलावलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्थाचा रक्तगटसुद्धा बदलून त्याचाच झाला. हे ती येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायची.

मज्जा रुजली, पण अंगात रोगाशी लढायची ताकद यायला वर्षभर तरी लागणार होतं. तोवर साधा फ्लूही तिच्या जिवावर बेतला असता, आणि लस तिला पुरेशी लागू पडणार नव्हती. मुंबईच्या तिच्या रुग्णालयात एक प्रयोग चालू होता. मज्जा देणाऱ्याच्या रक्तातून फ्लूचा विषाणू ओळखणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि रुग्णाला द्यायच्या. या वेळी भूल नाही, नुसतं हातातून रक्त काढायचं, असं डॉक्टर अनुष्काने समजावलं होतं.

डेन्झिल लगेच हो म्हणाला. मार्थाचा नवरा फ्रान्सिस सोबत जायला तयार होता, पण डेन्झिलने त्याला नको म्हटलं. ठरल्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"देऊन आलो. आता निर्धास्त राहा."

पेशी वाढायला तीन आठवडे लागणार होते. ते संपल्यावर मार्थाने डॉक्टरांना फोन लावला. अनुष्का म्हणाली, की डेन्झिल आलेच नव्हते. बहिणीला मी स्वतः सांगतो, असं त्यांनी त्याच सकाळी फोनवर कळवलं होतं.

मार्थाने तारीख पुन्हा विचारून घेतली. तारीख तीच होती.

फ्रान्सिस तडक मेव्हण्याकडे निघाला होता, तिनेच त्याला थांबवलं. त्याच आठवड्यात तिला ताप भरला. फ्लूच होता. नऊ दिवस ती रुग्णालयात होती. परक्या माणसांच्या रक्तातून वाढवून साठवलेल्या पेशींपैकी काही तिच्याशी थोड्याफार जुळल्या, त्या दिल्या. औषधंही चालू होती. नेमका गुण कशाने आला, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. ती घरी आली, पण जिना चढताना अजून दोनदा थांबावं लागतं.

डेन्झिल रविवारी केळ्यांचा घड घेऊन आला आणि दाराजवळच बसला. त्याने सांगितलं, मज्जा दिल्यावर त्याची कंबर कितीतरी दिवस दुखत होती. बायको म्हणाली, आता पुरे. त्यालाही धास्ती वाटली, पण बहिणीला नाही म्हणायला जीभ रेटेना.

"नाही म्हणाला असतास तर मी रागावले नसते," मार्था म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी त्या परक्या पेशी मागितल्या असत्या. तू मला तीन आठवडे गाफील ठेवलंस."

तो हळूच म्हणाला, "पण आधी तुला वाचवलं कुणी?"

ते खरं होतं. ती उठून आत गेली आणि तो जाईपर्यंत बाहेर आली नाही.

ईस्टरला त्याने बोलावलं, तेव्हा फ्रान्सिस एकटाच गेला. देवळाबाहेर बायका अजून तिच्या भावाचं कौतुक करतात आणि ती मान डोलावते. त्याचा फोन आला, की मात्र न बोलता फ्रान्सिसच्या हातात देते.