शेवटची तीस पानं

आमच्या आळीत तीन घरांत मिळून वाचनालयाचं एकच सभासदत्व होतं. नाव माझं, वर्गणी तिघींची, आणि पुस्तक निवडण्याचं काम अर्थातच माझं. पुस्तक पंधरा दिवसांत परत जायला हवं. आधी मी वाचायची, मग समोरच्या बाई. त्या शाळेत शिकवत आणि कादंबरीही पेपर तपासल्यासारखी वाचत. शेवटी शेजारच्या वहिनी. त्यांच्या वाट्याला जेमतेम एक संध्याकाळ उरायची. मग त्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्या राहून शेवटची तीस पानं वाचायच्या आणि सकाळी पुस्तक परत देताना म्हणायच्या, "छान होती गो."

हे अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवचं सांगते आहे. तेव्हा नव्या कादंबऱ्यांच्या कपाटात जिकडेतिकडे कुटुंबं आणि त्यांची गुपितं. मी वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवते. या कादंबऱ्यांसाठी मी तीन रकाने आखले: कोणी लपवलं, कोणापासून, कशासाठी. पहिले दोन भराभर भरत. तिसरा बहुतेक वेळा कोरा राही, कारण लेखकानेच ते कुठे सांगितलेलं नसे.

माझ्या तक्रारी साध्या होत्या. एक तर ट्रंकेत सापडणारी जुनी पत्रं. आमच्याकडे रेशनकार्डाला दोन पावसाळ्यांत वाळवी लागते, आणि यांची प्रेमपत्रं तीस वर्षांनी कोरी करकरीत! दुसरं म्हणजे, गुपित नेहमी दणदणीत हवं. परगावी दुसरं बिऱ्हाड, नाहीतर भलत्याच बापाचं मूल. खऱ्या घरांतली गुपितं कादंबरीच्या मापाची नसतात. कोणाचा पाय किंचित आखूड, कोणाची बारावी राहिलेली. पण जीव तेवढाच कासावीस करतात.

वहिनींच्या घरी असंच एक होतं. त्यांच्या मुलीला लहानपणी फिट्स येत. वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या. कॉलेजात गेल्यावर डॉक्टरांनीच त्या बंद केल्या, त्यानंतर काही त्रास नाही. आता पालीच्या एका घरी तिचं जमत आलं होतं. मुलगा बघून गेला, पसंती आली, आणि येत्या रविवारी त्याची आई आणि मामा बोलणी करायला यायचे होते. फिट्सचं त्यांना कोणीच सांगितलेलं नव्हतं. मुलगी सांगू या म्हणत होती. वहिनी तिला बोलू देत नव्हत्या.

"सांगून टाका वहिनी," मी म्हटलं.

"आणि मोडलं म्हणजे? तू करून घेणार आहेस सून?"

"माझा मुलगा आठवीत आहे."

"मग गप्प बस. लग्न झाल्यावर सांगू सावकाश. शेवटी होतं गो सगळं नीट. एवढ्या कादंबऱ्या वाचतेस, तुला कळत नाही?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवटच्या तीस पानांत सगळं नीट होतंच. सगळे रडतात, सासू सुनेला जवळ घेते, झालं गेलं गंगेला मिळतं. आधीची अडीचशे पानं मी आणि बाईंनी वाचलेली. वहिनींना त्यांचा पत्ताच नव्हता.

त्या खेपेस मी मुद्दाम एक कादंबरी आणली. सासरी आपलं दुखणं लपवून आलेल्या बाईची. आणि ती आधी वहिनींना दिली. समोरच्या बाई रुसल्या. "क्रम का बदलला?" म्हणून दोनदा विचारून गेल्या.

वहिनी गुरुवारी दुपारी पुस्तक घेऊन आल्या आणि चप्पल न काढता दारातच बोलायला लागल्या.

"काय गो ही बाई! माहेरचा माणूस आला की हिच्या पोटात गोळा, काय बोलून जाईल म्हणून. औषध पिठाच्या डब्यात! नवरा डबा उचलतो तर हिला घाम फुटतो."

"शेवट वाचलात ना? चांगला आहे."

"कधी? केस पिकल्यावर!" मग त्या उंबऱ्यावरच बसल्या. "आमच्या पोरीला तिथे बरं वाटेनासं झालं, तर तिने हाक कोणाला मारायची गो?"

मी पाणी आणून दिलं.

रविवारी पोह्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. मी बशा घेऊन दारात पोचले तोवर वहिनींनी सांगून टाकलं होतं. नमस्कार-चमत्कार झाले न झाले तोच. मुलाच्या आईने विचारलं, फिट्स कधी थांबल्या, डॉक्टर कोण, गोळ्या अजून आहेत का. मुलीने स्वतः उत्तरं दिली, आवाज न चढवता, न पाडता. मामांनी घसा खाकरला. "घरी बोलतो आणि कळवतो," म्हणून दोघं उठली. पोहे अर्धे बशीत राहिले.

वहिनी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. अंगणात समोरासमोर आलो तरी त्या तुळशीकडे बघत. मीही रोज फोनची घंटा ऐकू येते का म्हणून त्यांच्या भिंतीला कान लावून असायची. फोन वाजला की त्यांच्या मुंबईच्या दिरांचाच.

बुधवारी सकाळी मोटारसायकल थांबली. मुलगा एकटाच आला होता. असं आमच्याकडे कोणी येत नसे. वहिनींनी तीन दिवसांचा अबोला विसरून मला मागच्या दाराने हाक मारली. मुलगी आणि तो पुढे पडवीत बसले, आम्ही दोघी स्वयंपाकघरात. चहा गेला, कप परत आले. वहिनी खोबरं खवत होत्या, पांढरं संपून काळी करवंटी लागली तरी थांबेनात.

"एवढं काय बोलतायत गो?"

"ऐकू येत नाही."

"तू तरी दाराशी जा."

"मी नाही जाणार."

असं म्हणत मी दाराकडे निघालेच होते, तेवढ्यात मुलगीच आत आली. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, ते जेवायला थांबतायत. भात वाढव."

वहिनींनी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि तो तसाच आत राहिला. शेवटी मीच दोन वाट्या तांदूळ काढून धुवायला घेतले.