चकतीमामांचे दोन दगड

भूशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, एक खोली होती. खोली आपली म्हणायची. मुळात ती झाडू-बादल्या ठेवायला बांधलेली. आत शिरताना मान खाली घालावी लागायची, आणि विभागप्रमुख सरांसकट सगळे ती मुकाट्याने घालायचे. आत दगड कापायचं यंत्र, एक फिरती लोखंडी चकती, जाड काचेचा पाट, घासायच्या करड्या भुकटीचे पाच डबे आणि चकतीमामा. मामांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. एकतीस वर्षांत कोणी त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली असेल तर ती फक्त मामींनी.

काम काय? दगड घासायचे. हसू नका. दगडाच्या पोटात काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर त्यातून उजेड आरपार जायला हवा. म्हणजे दगडाचा नखाएवढा तुकडा कापायचा, काचपट्टीला चिकटवायचा आणि घासत घासत केसाच्या निम्म्याएवढा पातळ करायचा. जाड असला तर गारगोटीचे कण रंगीबेरंगी दिसतात, मग पिवळे होतात, मग करडे-पांढरे. करडे झाले की थांबायचं. तिथून पुढे घासण्याचे चार वेढे जास्त झाले तर काचेवर काही म्हणजे काही उरत नाही. मामा नववी शिकलेले, पण पिवळा कुठे संपतो आणि करडा कुठे सुरू होतो हे त्यांच्या बोटाला कळायचं. डोंगरावरच्या अभ्याससहलीला त्यांना कधी कोणी नेलं नाही. त्याचं वाईट वाटतं का विचारलं तर म्हणायचे, "मी कशाला डोंगर चढू? डोंगरच माझ्याकडे पोरांच्या पिशवीतून येतो."

त्यांच्याकडे एक रजिस्टर होतं. कोणाचा दगड, कधी आला, कधी दिला. आणि शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: माझ्या हातून वाया गेलेले दगड. त्याखाली सत्तावीस वर्षांपूर्वीची एकच नोंद. बाकी पान कोरं. हे पान मामा नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवायचे. थोडा तोरा होताच, आणि का नसावा हो?

आता ही मुलगी. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. वडील घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचवणारे, घर दूरच्या गावी. ती इथे ताईकडे राहायची, दोन बस बदलून यायची, आणि ताईचं बाळ झोपलं की स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून उभ्याने अभ्यास करायची. बसलं की डोळा लागायचा, म्हणून उभ्याने. हे विद्यापीठ सरकारी, पंखे कुरकुरायचे, नळाला पाणी असलं तर असलं. पण प्रवेश घेताना तिला कोणी विचारलं नव्हतं की बाप काय करतो, आणि ग्रंथालयातलं कुठलंही पुस्तक तिच्या हातात यायचं. तिला त्याचं इतकं अप्रूप होतं की मैत्रिणी चिडवायच्या. फक्त एक खोड होती. तिला दम नव्हता. जिना चढायची ती दोन पायऱ्या गाळून, बोलायची ती वाक्य अर्धं ठेवून. मामांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ठेवलं, घाईबाई.

प्रबंधासाठी सरांनी तिला एक दगड दिला होता. अंगठ्याएवढा. ज्या खाणीतला तो होता ती खाण कधीच बुजवली होती, वर बसचा आगार उभा राहिला होता. सर म्हणाले, "एवढाच आहे. जपून." मामांनी त्याचे दोन तुकडे केले. एक काचपट्टीसाठी, दुसरा सरांच्या कपाटात, पुढे भुकटी करून रासायनिक तपासणीला पाठवायचा म्हणून.

चांगला सूक्ष्मदर्शक विभागात एकच. बारा विद्यार्थी, भिंतीवर पाळ्यांचा तक्ता. घाईबाईची पाळी मंगळवारी दोन ते चार. ती हुकली तर पुढची तीन आठवड्यांनी, आणि प्रबंध द्यायचा होता अठरा दिवसांनी. मंगळवारी ती एक वाजताच जिन्याखाली हजर. खोली उघडी, चकतीपाशी तिची काचपट्टी, आणि मामा नाहीत! मामींचा गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते. पाटीवर खडूने लिहिलं होतं: तीनला येतो. पिवळ्यावर आहे. हात लावू नये.

दारावरही पाटी होती. विद्यार्थ्यांनी यंत्राला हात लावू नये. आदल्या वर्षी एकाने लावला होता, त्याचं वर्ष गेलं.

दीड वाजला. पावणेदोन झाले. तिने स्वतःलाच समजावलं, पिवळ्यावर आहे म्हणजे राहिलंय ते किती? चार वेढे. मामांना शंभरदा पाहिलंय. तिने बटण दाबलं. भुकटी टाकली, पाणी टाकलं, पट्टी टेकवली. एक, दोन, तीन, चार. जरासं अजून. पट्टी उचलून धुतली आणि उजेडासमोर धरली.

स्वच्छ काच. खिडकीबाहेरचं झाड अगदी छान दिसत होतं.

ती तिथेच स्टुलावर बसली आणि मामा येईपर्यंत जागची हलली नाही. ही घाईबाई, आणि एका जागी सव्वा तास! मामा दारात वाकले, पाटी पाहिली, चकती पाहिली, तिच्या हातातली काच पाहिली. मग त्यांचा जो पारा चढला!

"अगं, वाचता येतं ना तुला? एम.एस्सी. करतेस ना? खडू माझा वाया घालवला, दगड माझा वाया घालवला! कार्टे, मी सांगून गेलो होतो की नाही?"

ती रडू लागली तसे मामा आणखी चिडले. मग त्यांनी फडक्याने चकती पुसली, हात धुतले, टोपी नीट केली. म्हणाले, "चल वर. तोंड उघडायचं नाही. मी बोलतो."

सरांच्या खोलीत मामा हात मागे बांधून उभे राहिले. "सर, तो खाणीतला दगड. माझा हात घसरला. गेला. दुसरा तुकडा मिळाला तर पट्टी करून देतो."

सरांनी मान वर केली. "तुमचा हात?"

"वय झालं, सर."

सरांची नजर मामांवरून तिच्याकडे आली आणि तिच्या बोटांवर थांबली. नखांत करडी भुकटी भरली होती. तिने मुठी मिटल्या. आता संपलं, असं तिला वाटलं; वर्ष गेलं, वडिलांना काय सांगू, ताईला काय सांगू. सर उठले, कपाट उघडलं, दुसरा तुकडा मामांच्या तळहातावर ठेवला. "रासायनिक तपासणी राहू दे. आणि नोंद करा रजिस्टरात," एवढंच म्हणाले. मग तिला म्हणाले, "गुरुवारची माझी सूक्ष्मदर्शकाची पाळी तू घे."

खाली येऊन मामांनी शेवटचं पान उघडलं, चष्मा लावला आणि दुसरी नोंद लिहिली. सत्तावीस वर्षांच्या खाली.

"मामा, का सांगितलंत असं?"

"मला काय करणार ते? तीन महिन्यांनी तसंही घरी पाठवणारच आहेत. तुझं अख्खं वर्ष गेलं असतं, अक्कलशून्य पोरी." मग त्यांनी तो शेवटचा तुकडा कापून काचेला चिकटवला आणि पट्टी तिच्याच पुढ्यात ठेवली. "घास."

"मी? मामा, वेड लागलंय का तुम्हाला? हा शेवटचा आहे!"

"म्हणूनच. आज मी घासून दिली तर तुझा हात जन्मभर थरथरत राहील. यंत्रावर नाही, काचेच्या पाटावर. हाताने. दहा वेढे, मग धुवायचं, मग बघायचं. पुन्हा दहा."

दोन दिवस ती घासत होती. मामा स्टुलावर बसून होते, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. मध्ये एकदा तिचं बोट तिरकं झालं तेव्हा ते हात सुटले आणि पुन्हा काखेत गेले. शिव्या मात्र चालू होत्या. "हळू गं बाई, भांडी घासतेस का? बोट काय म्हणतंय? कड खुपते? मग आहे अजून. घड्याळाकडे नको बघू, ते कुठे पळून जात नाही." गुरुवारी दुपारी ती म्हणाली, "मामा, आता खुपत नाही." मामा म्हणाले, "मग मला कशाला विचारतेस? थांब की!"

सूक्ष्मदर्शकाखाली सगळे कण करडे-पांढरे होते. एकूण एक. तिने मामांना बघायला बोलावलं. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "बरी आहे." पुढे वर्षानुवर्षं तिला पुष्कळांनी शाबासकी दिली, पण त्या 'बरी आहे'ची सर कशालाच आली नाही.

प्रबंध वेळेत गेला, परीक्षा झाली, निकाल उत्तम लागला. ताईने फोनवर वडिलांना सांगितलं तेव्हा ते सिलिंडर खांद्यावर घेऊन कोणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर उभे होते, तिथूनच रडले. सरांच्या हाताखाली संशोधनाला जागा होती, तिने अर्ज केला. अर्जावर सरांची सही तेवढी व्हायची होती, आणि त्याच आठवड्यात मामांचा निरोपसमारंभ आला.

वरच्या मोठ्या वर्गात सगळे जमले. मामा इस्त्रीचा सदरा घालून अवघडून बसलेले, शेजारी मामी, गुडघ्याला पट्टा. सर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात ते रजिस्टर होतं.

"एकतीस वर्षं. अकरा हजार चारशे पट्ट्या. मामांच्या हातून वाया गेलेले दगड, दोन."

टाळ्या पडल्या. मामा खाली बघून हसले. घाईबाईला ते हसू बघवेना. तिला अर्ज आठवला, सही आठवली, दारावरची पाटी आठवली. आणि ती उभी राहिली. या वेळी घाईने नाही, तीन महिने घोकून.

"सर, दुसरा दगड मामांच्या हातून गेला नाही. मामा दवाखान्यात होते. मी यंत्राला हात लावला. मी घालवला. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. अर्ज परत घ्यावा लागला तर घेईन, पण ती नोंद माझी आहे."

मामाच आधी ओरडले, "खाली बस गं घाईबाई! एवढं काय अडलं होतं? मला जिना तरी उतरू द्यायचा होतास!"

कोणी तरी हसलं. सर हसले नाहीत. "बसू नकोस," ते म्हणाले. "इकडे ये." खिशातून पेन काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. "दुसऱ्या नोंदीपुढे तुझं नाव लिही." तिने लिहिलं. हात थरथरला नाही. मग सरांनी पेन परत घेतलं, चष्मा काढला, आणि पहिल्या नोंदीपुढे, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या तारखेपुढे, स्वतःचं नाव लिहिलं.

"मीही तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो," ते म्हणाले. "मलाही घाई होती. आज ही उठली नसती तर मी पुन्हा गप्प बसलो असतो." मग ते मामांकडे वळले. "मामा, मला माफ करा."

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, सर," मामा पुटपुटले. सरांनी रजिस्टर त्यांच्या मांडीवर ठेवलं. मामांनी त्या पानावरून बोट फिरवलं, कड खुपते का बघावी तसं. मग मामींकडे वळून हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्या हातून एकही नाही की गं."

मामी डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या, पण गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. "आणि मला काय सांगितलंत हो? हात घसरला! पहिला दगड गेला तेव्हा दोन वेळ जेवला नाहीत, मी आपली उशाशी बसून समजूत काढतेय, होतं असं, कोणाचाही हात घसरतो. आणि आता पुन्हा तेच! मलासुद्धा सांगितलं नाहीत?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्या पोरांना बोलली असतीस," मामा म्हणाले.

घाईबाई त्यांच्या पायाशी बसली होती. मामांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला.